वैशाखरे परिसरातील दारिद्र्य : लिहिलेले आणि न लिहिलेले



शहापूर आणि मुरबाड या आपल्या जिल्ह्यातील दोन तालुक्यांत गरीब माणसे किती आहेत, असा प्रश्न कोणी आपणास विचारला तर आपण काय उत्तर द्याल? ‘पुष्कळ आहेत’ असे आपण म्हणाल. पण पुष्कळ म्हणजे किती? त्यांच्या घरात स्वतःच्या शेतातला तांदूळ वर्षातून किती महिने पुरतो? त्यांच्या डोक्यावर किती उचल आहे? हंडाभर पाण्यासाठी त्यांच्या बायका किती चालतात? एवढे विचारले की भले भले जाणकारही गप्प होतात. हा दोष त्यांचा नव्हे. या प्रश्नांची खात्रीलायक उत्तरे देणारे दप्तर या प्रदेशात कधी तयारच झाले नाही.

हे असे का झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे कधी कोणी काही मोजलेच नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही. या मुलखात फार पूर्वीपासून मोजदाद चालू आहे. प्रश्न एवढाच आहे की काय मोजले गेले आणि कोणासाठी मोजले गेले.

नाणेघाटातील अंक

कल्याणहून मुरबाड मार्गे माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे हे गाव लागते. तेथून थोडे पुढे नाणेघाटाची जुनी वाट सह्याद्रीवर चढते. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावर एक लेणे आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत एक मोठा लेख कोरलेला आहे. सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाने ओळखला जाणारा हा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्या प्रसंगी दिलेली दक्षिणा यांची नोंद त्यात आहे. गायी किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नाणी किती, हे सारे त्यात अंकांनी लिहिले आहे. २४,४०० एवढा मोठा आकडाही त्यात आढळतो. भारतात सापडलेल्या प्राचीन अंकांच्या अभ्यासात या लेखाला मानाचे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा अभ्यास केला, तेव्हा जुन्या अंकलेखनाचा मोठाच उलगडा झाला.

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट अभिमानाची आहे आणि विचार करायला लावणारीही आहे. जगाला अंकांचा इतिहास सांगणारा कडा ज्या गावांच्या उशाशी आहे, त्या गावांतील माणसांच्या हालअपेष्टांचे अंक मात्र आजही धड मिळत नाहीत. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. त्या परंपरेवर विश्वास ठेवला तर असे दिसते की वाटेने जाणाऱ्या मालाचा हिशेब होता, राजाने दिलेल्या दानाचा हिशेब होता, परंतु ओझी वाहून घाट चढणाऱ्या हमालाच्या भाकरीचा हिशेब कोठेही कोरलेला नाही. पुढच्या काळातही हाच प्रकार चालू राहिलेला आपणास दिसेल.

इंग्रजी अमलातील दप्तर

मुंबई इलाख्यात पहिली पद्धतशीर जनगणना १८७२ मध्ये झाली. त्यानंतर जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. आजही कोणत्याही अभ्यासकाला आरंभ तेथूनच करावा लागतो, इतकी माहिती त्यात आहे. पिके, डोंगर, नद्या, घाट, रस्ते, जमीनमहसूल, जंगलाचे उत्पन्न या सर्वांचे तपशील त्यात आहेत. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्या चालीरीतींची वर्णनेही आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी, हे आपणास तेथे वाचावयास मिळते. पण वर्णन निराळे आणि मोजणी निराळी. सरकारला काय मिळते याचे आकडे रुपये-आणे-पैंपर्यंत होते. कातकऱ्याच्या घरात काय शिजते याविषयी सर्वसाधारण चार वाक्ये होती.

त्याच सुमारास या लोकांचे जगणे अधिक बिकट होत होते. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाच्या हद्दी आवळल्या. आपल्याकडील भातशेतीची रीत शेतकरी वाचकांना ठाऊकच आहे. पावसापूर्वी पालापाचोळा आणि फांद्या पसरून रोपाची जागा भाजतात. यालाच राब म्हणतात. राबासाठी फांद्या तोडण्यास बंधने आली, सरपणावर बंधने आली, गुरांच्या चराईवर बंधने आली. लोकांचा असंतोष एवढा वाढला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. या आयोगाने ठाणे व कुलाबा भागांतील तक्रारी ऐकल्या आणि १८८७ मध्ये अहवाल दिला. येथील शेतकऱ्यांची गाऱ्हाणी सरकारी कागदावर उतरण्याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण होय. पुढे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसंबंधीचा कायदा आला. दारू गाळण्यावर आळा घालण्यासाठी म्हणून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले वेचण्या-बाळगण्यावर निर्बंध घालण्यात आले. मोहाचे फूल गरिबाच्या घरी अन्न म्हणूनही उपयोगी पडत असे. त्या फुलाबरोबर त्याच्या पोटातले किती गेले, हे मात्र कोणी मोजले नाही.

जो खातेदार नाही तो दप्तरात नाही

या ठिकाणी आपल्या गावच्या दप्तराची एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. तलाठ्याकडील सात-बारा आणि आठ-अ हे उतारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ही सारी रचना जमीनमहसुलासाठी उभी राहिली. ज्याच्या नावे जमीन आहे, त्याच्यासंबंधी या दप्तरात पुष्कळ माहिती मिळते: क्षेत्र किती, आकार किती, पीक कोणते, बोजा कोणाचा. परंतु ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, त्याच्यासंबंधी हे दप्तर मुके असते. आणि आपल्या प्रदेशात सर्वांत गरीब माणूस नेमका तोच आहे.

या मौनाचे परिणाम १९५७ नंतर दिसून आले. कूळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. हजारो कुळांना त्याचा लाभ झाला, ही गोष्ट नाकारता येणार नाही. पण ज्या कुळाचे नाव उताऱ्यावर लागलेले नव्हते, जो तोंडी बोलीवर पिढ्यान्‌पिढ्या वरकस जमीन कसत होता, त्याला आपला हक्क सिद्ध करणे अवघड गेले. आजही अनेक कातकरवाड्यांच्या घरांखालची जमीन त्या घरांत राहणाऱ्यांच्या नावावर नाही. जमिनीच्या किमती वाढल्या आणि शेतघरांसाठी शहरातील लोक जागा शोधू लागले, तेव्हा अशा वाड्यांवर उठून जाण्याची पाळी येऊ लागली. वाचकहो, कागदावर नाव नसणे म्हणजे केवळ माहितीतील उणीव नव्हे. त्याने माणसाच्या पायाखालची जमीन जाते.

एक अहवाल आणि एक वगळलेला तालुका

१९३६ मध्ये मुंबई इलाख्यातील काही आदिवासी भाग ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ म्हणून जाहीर करण्यात आले. ठाणे जिल्ह्यातून डहाणू, शहापूर, मोखाडा आणि उंबरगाव हे भाग त्या यादीत आले. मुरबाडचे नाव त्यात नव्हते. या प्रदेशांतील लोकांच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले आणि त्यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी नोकराने लिहिलेला असूनही तो अहवाल स्पष्टवक्ता आहे. खावटी, वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथा त्यात नोंदल्या गेल्या.

नव्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी या शब्दांचा अर्थ सांगतो. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खाण्यापुरते धान्य घ्यावयाचे, ती खावटी. भात झोडून खळ्यावर आले की ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट, परत करावयाचे. लग्नासाठी कर्ज घेणारा तरुण त्या कर्जाच्या फेडीपोटी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत असे आणि पुष्कळदा त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबत असे, तो लग्नगडी. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत असे आणि ती वही ऋणकोला वाचता येत नसे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथून वारली शेतमजुरांच्या चळवळीला जोर आला आणि उंबरगाव-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा झाला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याची हकीकत लिहिली. मुरबाडच्या बाजूलाही हलाखी काही कमी नव्हती. शेजारच्या कर्जत तालुक्यात भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या दिढीतून सोडविण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या आणि गावोगाव शाळा सुरू केल्या. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. धान्यकोठी आणि शाळा या दोन गोष्टी त्यांनी एकत्र का घेतल्या असाव्यात, याचा विचार पालकांनी अवश्य करावा. उपाशी माणसाला धान्य लागते. आणि धान्याचा हिशेब फसवा नसावा म्हणून अक्षरही लागते.

स्वातंत्र्यानंतरही ती जुनी यादी मिटली नाही. आज शहापूर संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडची मात्र काहीच गावे त्यात आहेत. डोंगर तोच, पाऊस तोच, वाडीवरचा कुडाचा संसारही तोच. परंतु यादीत असणाऱ्या गावाकडे योजना एका वाटेने जातात आणि यादीबाहेरच्या गावाकडे दुसऱ्या.

पाण्याचा हिशेब

या दोन तालुक्यांत आज सर्वांत काटेकोर हिशेब कोणत्या गोष्टीचा होत असेल तर तो पाण्याचा. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. वैतरणेवरील मोडकसागर १९५० च्या दशकात उभा राहिला. त्यानंतर शहापूर तालुक्यात भातसा धरण झाले; मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी या एका धरणातून जाते. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण १९७० च्या दशकात झाले आणि त्याचे पाणी कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातील कारखान्यांना व शहरांना गेले. काळू नदीवरील धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, परंतु वनजमिनीच्या मंजुरीचा प्रश्न उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते थांबविले.

पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांतून तलावांची पातळी रोज छापून येते. तानसा किती भरला, भातसा किती भरला, हे गिरगावच्या माणसालाही तोंडपाठ असते. तेच धरण ज्या तालुक्यात आहे, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहराला किती दशलक्ष लिटर पाणी गेले याचा आकडा निघतो. पाड्यावरची बाई दिवसातून किती खेपा घालते आणि त्या खेपांपायी तिच्या मुलीची शाळा किती दिवस बुडते, याचा आकडा निघत नाही. जी वस्तू विकत घेतली जाते तिला मीटर बसतो. कष्टाला मीटर नाही.

सरासरीची फसवणूक

‘आज तर सर्व काही संगणकावर आहे, मग माहिती नाही असे कसे म्हणता?’ अशी शंका काही वाचक घेतील. शंका रास्त आहे. माहिती आहे, पण ती कोणत्या पातळीवर आहे हे पाहिले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजारांच्या वर होती. देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा म्हणून त्याचे नाव झाले. त्यात शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार. दोन्ही मिळून जिल्ह्याच्या शेकडा पाचही होत नाहीत. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात ९५ मुलांना प्रत्येकी ८० गुण मिळाले आणि ५ मुलांना प्रत्येकी १० गुण मिळाले, तर वर्गाची सरासरी साडेशहात्तर येते. मुख्याध्यापक समाधानाने मान डोलावतील. ती पाच मुले मात्र नापासच राहतील. ठाण्याच्या सरासरीत आपल्या दोन तालुक्यांचे नेमके हेच होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू हे तालुके तिकडे गेले. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यामुळे कुपोषण म्हटले की लोकांचे लक्ष प्रथम तिकडे जाते. शहापूर आणि मुरबाड हे मात्र ठाणे, कल्याण, नवी मुंबई यांच्या सावलीत राहिले. २०२१ मध्ये निघालेला बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांकही जिल्ह्याच्या पातळीपर्यंतच येऊन थांबतो. वैशाखऱ्याच्या वाडीपर्यंत तो उतरत नाही.

दारिद्र्याच्या मोजणीचा मोठा इतिहास आपल्या देशात आहे. दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ या वर्षासाठी हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले आणि साम्राज्याला जाब विचारला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दिवसाला २२५० उष्मांकांचा आधार घेऊन, १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी किमान खर्चाची मर्यादा मांडली. हे काम मोलाचे आहे. परंतु अशा हिशेबांना आधार लागतो तो घरोघरच्या खर्चाच्या पाहणीचा, आणि ती पाहणी नमुन्याची असते. २०११-१२ नंतरच्या अशा पाहणीचे आकडे देशाला मिळाले ते थेट २०२२-२३ च्या पाहणीचे. मधली २०१७-१८ ची पाहणी प्रसिद्धच झाली नाही. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणनाही वेळेवर झाली नाही. म्हणजे २०११ साली जन्मलेले मूल दहावीच्या परीक्षेला बसले, तरी त्याच्या गावाची माहिती त्याच्या जन्मवर्षाचीच राहिली.

कुलूपबंद घरांची मोजणी

आता आपल्या प्रदेशातील एक खास अडचण सांगतो. ती आम्हा शिक्षकांना अधिक जवळून दिसते, कारण जनगणनेचे प्रगणक म्हणून घरोघर फिरणारे पुष्कळदा शिक्षकच असतात.

आवणी आणि कापणी संपली की येथील भूमिहीन कुटुंबांना गावात काम उरत नाही. वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. दिवाळीनंतर भांडीकुंडी, कोंबड्या आणि मुले घेऊन ही कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. २०११ च्या जनगणनेतील माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या दिवसांत कातकरवाडीच्या दारांना कुलूप किंवा काटेरी फांदी लावलेली असते. भट्टीवर प्रगणक पोहोचला तर ती माणसे दुसऱ्या गावाच्या आकड्यात जातात. न पोहोचला तर कोठेच जात नाहीत. शाळेच्या हजेरीपटावरही हेच दिसते. जूनमध्ये भरलेला वर्ग नोव्हेंबरनंतर रिकामा होतो. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ काढल्या त्या याच मुलांसाठी. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक गणली जाते. दुसऱ्या दोन कोलाम व माडिया गोंड. म्हणजे ज्यांची माहिती सर्वांत आधी हवी, तेच मोजणीच्या दिवशी घरी नसतात.

जे घरी असतात, त्यांच्या बाबतीतही मोजणीचा प्रकार विचित्र झाला. १९९९ मध्ये राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. ज्याचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, त्याला पिवळी. रोज मजुरी करणाऱ्याने वर्षाचे उत्पन्न कोणत्या वहीतून सांगावे? २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत तेरा प्रश्न होते आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. घर कसले, कपडे किती, जेवण किती वेळा, कर्ज कशासाठी, असे प्रश्न त्यात होते. प्रश्न बरे होते. पण राज्यात एकूण किती कुटुंबे गरीब धरावयाची याची कमाल मर्यादा वरून आधीच ठरलेली होती. परीक्षेपूर्वीच किती मुले नापास करावयाची ते ठरवून मग उत्तरपत्रिका तपासाव्यात, तशातला हा प्रकार. त्यामुळे ज्याला बोलता येते, ज्याच्या घरी सरपंचाची ऊठबस आहे, त्याचे नाव यादीत जाते आणि ज्याचे घर गावाबाहेर ओढ्यापलीकडे आहे त्याचे राहून जाते, ही तक्रार गावोगाव ऐकू येत असे.

याचा आपल्याशी संबंध काय?

पालक बंधुभगिनींनो, हा लेख आपल्या समाजाच्या स्मरणिकेत का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. संबंध दोन प्रकारचा आहे.

पहिला असा की माहितीच्या अभावी काय होते, हे आपण स्वतः अनुभवले आहे. आपल्या समाजाच्या शिक्षणाविषयी, नोकऱ्यांविषयी, कर्जाविषयी तऱ्हेतऱ्हेची विधाने केली जात. कोणी म्हणे फार लाड होतात, कोणी म्हणे फार अन्याय होतो. २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला, तेव्हा प्रथमच देशभरचे आकडे एकत्र मांडले गेले. महाराष्ट्र शासनानेही डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला आणि त्याने २०१३ मध्ये अहवाल दिला. या अहवालांनी सारे प्रश्न सुटले असे नव्हे. परंतु त्यानंतर वाद तरी आकड्यांच्या आधारे होऊ लागला. ज्यांनी हे अनुभवले, त्यांना कातकरवाडीचे मौन अधिक चांगले समजावे, अशी अपेक्षा चुकीची नाही.

दुसरा संबंध व्यवहाराचा आहे. आपल्यापैकी कोणी वीटभट्टी चालवितात, कोणी गाड्या भाड्याने देतात, कोणाचे भाताचे शेत आहे, कोणाचे बांधकाम चालू आहे. त्या कामावर याच वाड्यांतील माणसे येतात. ‘जकात’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. पूर्वी नाक्यावर घेत असत ती एक जकात आणि आपण आपल्या मालमत्तेचा हिशेब करून गरिबाचा हक्क म्हणून चाळिसावा हिस्सा काढतो, ती दुसरी. पहिलीचा रांजण नाणेघाटात दोन हजार वर्षे उभा आहे. दुसरीसाठीही हिशेब लागतो, आणि तो दोन्ही बाजूंचा लागतो: आपल्याकडे किती आहे याचा आणि गरजू कोण आहे याचा. मजुराला दिलेली उचल, त्याची झालेली मजुरी आणि राहिलेली बाकी एका वहीत लिहून ती त्याच्या मुलाला वाचून दाखविली, तर तेवढ्याने आपल्या भट्टीवरचे जुने सावकारी मौन मोडेल.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

लिहिलेल्या ओळीचे मोल किती असते, याची दोन उदाहरणे देतो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या मुलाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि इतर मागासवर्गातील मुलाला, ज्यात आपल्या समाजातील अनेक बिरादऱ्या येतात, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. बहुतेक घरांत असा एकच पुरावा निघतो: आजोबा-पणजोबांचे नाव असलेली जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील ओळ. कोणा अनामिक मास्तरांनी बोरूने लिहिलेली ती ओळ आज पणतूला महाविद्यालयात प्रवेश मिळवून देते. ज्याचा पणजोबा शाळेतच गेला नाही, त्याच्याकडे ती ओळ नाही. दुसरे उदाहरण २००६ च्या वनहक्क कायद्याचे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो वनजमीन कसत होता, त्याला हक्क मागता येतो. त्यासाठी जुनी पावती, दंडाची नोंद यांसारखे कागद उपयोगी पडतात आणि गावातील वृद्ध माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. तो जबाब लिहून घेणारा मात्र कोणीतरी लागतो.

हे लिहून घेणारे तुम्ही व्हावे, विद्यार्थी मित्रांनो. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. सुट्टीत आपल्या गावाजवळच्या एका वाडीत जा. ओळख काढा, बसा, दिलेले पाणी प्या. मग सावकाश विचारा: घरचा तांदूळ किंवा नाचणी किती महिने पुरते? आगोटीला काय भरले आणि त्यासाठी पैसे कोठून आणले? उचल किती घेतली आणि किती फिटली? चैत्र-वैशाखात पाणी कोठून आणता? घरातील किती जणांकडे जन्माचा दाखला आणि शिधापत्रिका आहे? भट्टीवर गेल्यावर मुलांच्या शाळेचे काय होते? उत्तर जसे मिळेल तसे तारखेसह लिहा. आपल्या मनातले त्यात घालू नका. ‘हे लोक असेच’ हे वाक्य वहीत येऊ देऊ नका, कारण ती माहिती नव्हे. एकाच घरी वर्षातून तीन वेळा जा: आषाढात, दिवाळीत आणि होळीच्या सुमारास. होळीला घर बंद असेल तर ‘बंद’ असे लिहा आणि माणसे कोणत्या भट्टीवर गेली आहेत ते शेजाऱ्याला विचारून त्यापुढे लिहा. जे लिहिले ते त्या घरच्या माणसांना वाचून दाखवा आणि त्यांची हरकत नसेल तरच ग्रामसभेपुढे ठेवा. नाव उघड करू नको असे कोणी म्हटले, तर त्याचा मान राखा.

अशा दहा घरांच्या वहीने दारिद्र्य हटणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. त्यासाठी जमीन, पाणी, मजुरी आणि शाळा यांच्याच वाटेने जावे लागेल. पण ग्रामसभेत जेव्हा कोणी म्हणेल की आमच्या गावात आता गरीब कोणी उरले नाही, तेव्हा तुमच्यापैकी एखाद्या मुलीने वही उघडून शांतपणे सांगावे की ओढ्यापलीकडच्या नऊ घरांत आषाढाच्या आधीच तांदूळ संपतो आणि त्यांतील चार घरांकडे शिधापत्रिका नाही. तिला उत्तर देणे सरपंचांना आणि ग्रामसेवकांना भाग पडेल. तेवढे झाले तरी त्या चार घरांची शिधापत्रिका पुढच्या पावसाळ्यापूर्वी होऊ शकते.